बोंबील की बदक?

आमचे कळवण समुद्रापासून दूर आहे. तरीही आठवडे बाजारात सुक्या बोंबलांचा वास येतोच. एकदा वर्गात एका मुलीने विचारले, "सर, बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक' म्हणतात. डक म्हणजे बदक ना? मग मासा बदक कसा झाला?"

मी म्हणालो, "बोंबील मासाच आहे. त्याचे अंग मऊ आणि तोंड मोठे असते. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर कोळी लोक बांबूंना दोऱ्या बांधतात. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून त्यांवर वाळवतात."

मागच्या बाकावरचा मुलगा उठला. "सर, माझे नाना सांगतात, पूर्वी सुके बोंबील डाकगाडीने जात. म्हणून त्यांना 'बॉम्बे डाक' म्हणत. साहेबांनी त्याचे 'डक' केले. डाक तर आपल्या उर्दूतला शब्द!"

सारा वर्ग खूश झाला.

"गोष्ट छान आहे. पण आधी तारीख पाहू," असे म्हणून मी फळ्यावर लिहिले : १६ एप्रिल १८५३. "या दिवशी बोरीबंदरहून ठाण्याला भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. 'बॉम्बे डक' हे नाव त्याआधीच्या इंग्रजी पुस्तकांत छापलेले आहे. गाडीच नव्हती, तर गाडीवरून नाव कसे पडेल?"

मुलगा हिरमुसला. "म्हणजे नाना खोटे बोलले?"

"नाही बेटा. त्यांनी ऐकलेली गोष्ट सांगितली. मोठ्यांची गोष्ट आदराने ऐकावी, मग पडताळून पाहावी. 'डक' कुठून आले, यावर विद्वानांचे एकमत नाही. मात्र या माशाला इंग्रजीत 'बमेलो' असेही नाव आहे. यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश १८८६ साली निघाला. त्यात 'बमेलो'च्या नोंदीत मराठी 'बोंबील' हा शब्द दिला आहे."

मुलगी म्हणाली, "म्हणजे कोळणीच्या टोपलीतला शब्द साहेबांच्या कोशात गेला!"

मुलाने वहीत तारीख उतरवून घेतली. "सर, आज नानांना ही गोष्ट मी सांगणार," तो हसून म्हणाला.

शब्दार्थ : डाक – टपाल, हिरमुसणे – नाराज होणे, पडताळणे – खरे-खोटे तपासणे, कोश – शब्दांचे अर्थ सांगणारे पुस्तक.

स्वाध्याय
१. बोंबील कसे वाळवतात?
२. डाकगाडीची गोष्ट खरी का वाटत नाही?
३. तुमच्या घरी बोलला जाणारा एखादा शब्द कोणत्या भाषेतून आला, ते शब्दकोशात शोधा.