मनाचा व्यायाम संगणकावर

अंगात ताप असला की आपण लगेच आईला सांगतो. मन खचले तर मात्र सांगत नाही. 'लोक काय म्हणतील?' ही भीती आड येते.

चाचणीत गुण कमी पडले आणि दोन दिवस वाईट वाटले, तर ती उदासी. पण दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ मन खिन्न राहिले, खेळात रस उरला नाही, झोप व भूक बिघडली, तर ते नैराश्य असू शकते. तो आळस नव्हे, आजार आहे. आणि त्यावर उपचार आहेत.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ डॉ. आरन बेक यांनी 1960 च्या दशकात 'विचार-वर्तन उपचार' ही पद्धत विकसित केली. तिचे सूत्र सोपे आहे : मनात आलेला प्रत्येक विचार खरा असतोच असे नाही. समजा, गणितात कमी गुण मिळाले आणि मनात आले, 'मी कशाच्याच लायक नाही.' हे वाक्य वहीत लिहा. खाली दोन रकाने आखा : याला पुरावा काय? याच्या विरुद्ध पुरावा काय? मग वाक्य पुन्हा लिहा : 'अपूर्णांक मला नीट जमले नाहीत, ते बाईंना पुन्हा विचारीन.' घटना तीच, पण आता पुढची वाट दिसते.

हेच धडे इंटरनेटवरून देता येतील का? ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने 2001 मध्ये 'मूडजिम' नावाचा असा कार्यक्रम सुरू केला. 2004 साली 525 जणांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांना दर आठवड्याला फोन केला जाई. एका गटाने मूडजिमचे धडे केले, दुसऱ्याने नैराश्याविषयीची माहिती संकेतस्थळावर वाचली, तिसऱ्याशी फोनवर केवळ गप्पा झाल्या. पहिल्या दोन गटांतील लक्षणे तिसऱ्यापेक्षा अधिक कमी झाली.

मग डॉक्टरांची गरज संपली का? मुळीच नाही. एकट्याने सुरू केलेले धडे पुष्कळ जण अर्ध्यावर सोडतात. प्रशिक्षित माणूस मधूनमधून विचारपूस करीत असेल तर धडे पूर्ण होण्याची शक्यता वाढते, आणि नैराश्य अधिक असेल तेव्हा गुणही जास्त येतो. जीव नकोसा वाटत असेल तर संगणकापुढे बसून राहू नका. त्याच क्षणी घरच्यांना किंवा शिक्षकांना सांगा. भारत सरकारची 'टेली मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. क्रमांक 14416, ती चोवीस तास चालते आणि मराठीतूनही बोलता येते.

पालकांना एकच विनंती. मूल गप्प झाले तर 'नाटके करू नकोस' म्हणू नका. जवळ बसा, ऐकून घ्या, गरज वाटल्यास डॉक्टरांकडे न्या. धडा संगणक शिकवील. पण 'आज कसे वाटते?' हे विचारायला घरचेच माणूस हवे.

स्वाध्याय : या आठवड्यात मनाला लागलेला एक विचार वहीत लिहा व वरील दोन रकाने भरा. वही कोणाला दाखवायची, ते तुम्ही ठरवा.