सावली पडली कुठून?

चि. मधुरा हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल दादाचा फोन आला. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात असं तू शिकवलंस, तेव्हा सहावीतल्या एका मुलीने म्हणे वर्गात विचारलं, "बाई, सकाळी शाळेत येताना सूर्यही दिसतो आणि अर्धा चंद्रही. मग चंद्रावर पृथ्वीची सावली पडली कुठून?" आणि तू तिला दटावून खाली बसवलंस. हे खरं असेल तर मला फार लागलं आहे.

नुसता सावलीचाच घोटाळा असता तर दोन ओळींत मिटला असता. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. सूर्य वर असताना ती पायांखालच्या दिशेला, आणि चंद्र तर आकाशात! ती चंद्रावर पडते फक्त चंद्रग्रहणात. तेही एखाद्याच पौर्णिमेला, कारण चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. एरवी चंद्राचा सूर्याकडचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो. चंद्र आपल्याभोवती फिरतो, तसा त्या उजळ भागातला कमीजास्त हिस्सा आपल्याला दिसतो. अमावास्येला काहीच नाही, पौर्णिमेला सगळा. अमावास्या ते अमावास्या सुमारे 29.5 दिवस.

त्या पोरीने हे डोळ्यांनी पाहून ताडलं होतं, मधुरा. तिला गप्प का केलंस?

तुझे आजोबा ओसरीवरून चंद्र बघून तिथी सांगायचे. शुद्ध अष्टमीचा चंद्र मावळला की मध्यरात्र झाली, म्हणायचे. मी आत भौतिकशास्त्राची पुस्तकं घेऊन बसलेली असायची. त्यांच्याजवळ बसायचं राहूनच गेलं, त्याची हळहळ अजून जात नाही.

फार बोलले का ग? नोकरीचं पहिलं वर्ष, भरलेला वर्ग, पोर्शन संपवायची घाई, मला कळतं सगळं. पण त्या मुलीचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. येत्या वद्य अष्टमीला सकाळी मुलांना मैदानात ने. ऊन असेल आणि चंद्रही पश्चिमेकडे असेल. पांढरा चेंडू हात लांब करून चंद्राच्या दिशेने धरायचा. चंद्र जेवढा उजळलेला दिसेल, तेवढाच चेंडूही उजळलेला दिसेल. चेंडू तिच्याच हातात दे.

तुझा आवाज बसलाय म्हणे. गरम पाणी पीत जा, डबा परत आणू नकोस, रात्री उशिरापर्यंत वह्या तपासत बसू नकोस. आणि सोमवारी सगळ्यांत आधी तिच्याशी बोल, बाळा.

तुझी,
आत्या