पद्मिनी : एका मोटारीची कहाणी

मुलांनो, आपले सावर्डे मुंबई-गोवा महामार्गावर आहे. या रस्त्याने रात्रंदिवस मोटारी धावतात. त्यांतल्या चार-पाच मोटारींची नावे तुम्हांला सहज सांगता येतील. पण त्या कोणी बनवल्या, असे विचारले तर तुम्ही कंपनीचे नाव सांगाल. कंपनी म्हणजे तरी कोण? माणसेच ना? आज आपण अशाच एका जुन्या मोटारीची आणि तिच्यामागच्या माणसांची ओळख करून घेऊ. या मोटारीचे नाव प्रीमियर पद्मिनी. तुमचे आजोबा तिला 'फियाट' म्हणत असतील.

शंभर वर्षांपूर्वी आपल्या देशात मोटारी तयार होत नव्हत्या. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने मुंबईत शिवडी येथे मोटारी जोडण्याचे काम सुरू केले. सुटे भाग परदेशातून बोटीने येत. आपले कामगार ते जोडत. मात्र ते भाग बनवण्याची विद्या आपल्याकडे येत नव्हती. मोटार येथेच का बनू नये, असा विचार थोर अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी केला. १९३५ साली ते युरोप-अमेरिकेत जाऊन तेथील कारखाने पाहून आले. मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना त्यांनी तयार केली.

ही योजना वालचंद हिराचंद यांनी मनावर घेतली. वालचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरला झाला. त्यांनी प्रथम रेल्वेची बांधकामे केली. बोरघाटातील बोगद्यांचे अवघड कामही त्यांनी केले. पुढे सहकाऱ्यांबरोबर त्यांनी सिंधिया ही जहाज कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीचे 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघाले. तो दिवस आजही 'राष्ट्रीय सागरी दिन' म्हणून पाळला जातो. १९४० साली त्यांनी बंगळूरला विमानाचा कारखाना सुरू केला.

मोटारीचे काम मात्र सोपे नव्हते. वालचंद यांनी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार केला. पण त्या वेळच्या इंग्रज सरकारने साथ दिली नाही. तरीही त्यांनी चिकाटी सोडली नाही. १९४४ साली 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन झाली. मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला आणि १९४७ साली त्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ साली वालचंद यांचे निधन झाले. पद्मिनी त्यांना पाहायला मिळाली नाही.

इटलीतील फियाट कंपनीशी करार झाल्यावर १९५४ पासून कुर्ल्याला 'फियाट ११००' तयार होऊ लागली. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, म्हणजे सुमारे ११०० चे होते. हळूहळू एकेक भाग येथेच बनू लागला. साच्यात धातू ओतायचा, तो लेथवर घासायचा आणि पुन्हा पुन्हा मोजायचा. केसाएवढा फरक राहिला तरी भाग बसत नाही. हजारो कामगार अशी नेमकी कामे शिकले. त्यांची नावे मोटारीवर कोठेही लिहिलेली नाहीत.

१९७४ साली या मोटारीला 'पद्मिनी' हे नाव मिळाले. पद्मिनी ही चित्तोडची राणी. मलिक मुहम्मद जायसी यांच्या 'पद्मावत' या अवधी काव्याची ती नायिका आहे.

मुंबईकरांना ही राणी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात भेटली. छपरावर सामानाची जाळी आणि बाहेर, डाव्या बाजूला लोखंडी मीटर. प्रवासी बसला की चालक हात बाहेर काढून मीटर खाली पाडायचा. एकच गाडी दिवसा एकजण आणि रात्री दुसरा चालवायचा. अशा प्रकारे एका मोटारीवर दोन घरांची चूल पेटायची.

या मोटारीला खरे आयुष्य दिले ते गॅरेजमधल्या मिस्त्रींनी. इंजिनच्या आवाजावरून ते दोष ओळखत. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणाऱ्या कार्बुरेटरमध्ये कचरा अडकला असेल, तर तो उघडून साफ करत. प्लग काळा पडला असेल, तर घासून पुन्हा बसवत. चार पाने, एक पेचकस आणि अनुभव एवढ्यावर बंद पडलेली गाडी पुन्हा धावू लागे. अनेक मिस्त्री लहान वयातच उस्तादाच्या हाताखाली हे काम शिकलेले असत.

मग ही मोटार बंद का झाली? त्या काळी परदेशी मोटारी आणण्यावर कडक बंधने होती आणि देशात मोटारींचे कारखाने थोडेच होते. गाडीसाठी लोक पैसे भरून कित्येक वर्षे वाट पाहत. जी गाडी तयार होई ती खपतच असे. त्यामुळे तिच्यात मोठी सुधारणा करण्याची घाई कोणालाच नव्हती. १९८३ साली मारुती ८०० आली. ती हलकी होती, कमी पेट्रोलवर जास्त अंतर चालत होती. १९९१ नंतर सरकारचे धोरण बदलले आणि नव्या कंपन्या आल्या. पद्मिनी स्पर्धेत मागे पडली. २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. ज्यांची उमेद याच कामात गेली होती, त्या कामगारांचे काम गेले. मुंबईत टॅक्सी वीस वर्षांपर्यंतच चालवता येते. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

ज्या बंधनांमुळे आपण मोटार बनवायला शिकलो, त्याच बंधनांमुळे आपण पुढचे शिकायचे राहिलो. विद्या मिळवणे जसे कठीण, तसेच ती ताजी ठेवणेही कठीण असते.

२०२१ साली सरकारने नियम केला. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या मोटारीची आता 'विंटेज' म्हणून वेगळी नोंद होते. पण नुसत्या नोंदीने मोटार चालत नाही. तिचे इंजिन उघडून पुन्हा जोडणारा माणूसही हवा. तुमच्या जवळच्या गॅरेजमध्ये असे वयस्कर मिस्त्री असतील, तर त्यांना काम करताना जरूर पाहा आणि त्यांना प्रश्न विचारा.

शब्दार्थ
महामार्ग – शाहराह. सुटे भाग – पुर्जे. विद्या – इल्म. करार – मुआहिदा. चिकाटी – न कंटाळता काम करण्याचा गुण. निधन – इंतिकाल. प्रवासी – मुसाफिर. स्पर्धा – मुकाबला. चूल पेटणे – घर चालणे. मनावर घेणे – एखादी गोष्ट करण्याचे पक्के ठरवणे.

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वालचंद हिराचंद यांचा जन्म कोठे झाला?
(आ) राष्ट्रीय सागरी दिन कोणत्या तारखेला असतो?
(इ) कार्बुरेटर कोणते काम करतो?
२. पद्मिनी स्पर्धेत का मागे पडली, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
३. उर्दूत दोनच लिंगे आहेत. मराठीत तीन आहेत. तो पाना, ती मोटार, ते इंजिन. याप्रमाणे पुढील शब्दांआधी तो, ती किंवा ते लिहा : कारखाना, टॅक्सी, जहाज, मेहनत, चाक, मीटर.
४. 'मनावर घेणे' हा वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यात वापरा.