वेळीच दिलेला हात

रायगड जिल्ह्यातील गडब हे गाव ज्या पेण तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांच्या आईस, रुक्मिणीबाईंस, संस्कृत गीता समजेना. विनोबांनी मराठी भाषांतर आणून दिले. तेही तिला कठीण वाटले. तेव्हा ‘तूच ती सोपी करून का लिहीत नाहीस?’ असे तिने विचारले. विनोबांची ‘गीताई’ १९३२ साली प्रसिद्ध झाली. परंतु आई १९१८ सालीच निवर्तली होती.

मुलांनो, तुमच्या वर्गातही कोणी वाचताना अडखळत असेल. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत त्याचा घोटाळा होत असेल. त्यास आळशी म्हणू नका. बुद्धी चांगली असूनही काही मुलांच्या मनात अक्षर व ध्वनी यांची सांगड लवकर बसत नाही. त्याच्याजवळ बसा. ओळीखाली बोट धरून आधी तुम्ही वाचा, मग दोघे मिळून वाचा, शेवटी त्यास एकट्याने वाचू द्या. ‘परोपकार’ हा शब्द ‘प-रो-प-कार’ असा फोडून दाखवा. तो अडला, तर क्षणभर थांबा. शब्द त्याचा त्यास सापडू द्या. गुरुजींनाही सांगा. मात्र हे साहाय्य आजच करा. आईची ‘गीताई’ आईच्या हाती पडली नाही, हे विसरू नका.