बेंचमार्क आणि डेटम : काय करावे, काय टाळावे

प्लॉटच्या कोपऱ्यातली लाल रंगाची खूण दाखवून ‘हाच आपला डेटम’ असे साइटवर सर्रास सांगितले जाते. ती खूण म्हणजे बेंचमार्क. डेटम ही पातळी असते, जिला शून्य मानून बाकीच्या उंच्या मोजतात; बहुधा समुद्राची सरासरी पातळी. बेंचमार्क ही पक्की खूण असते, जिची त्या शून्यापासूनची उंची आधीच मोजून नोंदवलेली असते. बेंचमार्कवर स्टाफ टेकवता येतो, डेटमवर नाही. या दोहोंची गल्लत झाली, तर अचूक मोजलेले आकडेही चुकीच्या निर्णयाकडे नेतात.

काय करावे

१. प्रत्येक उंचीसोबत तिचे शून्य लिहा. ‘आर. एल. ५६२.३५०’ (आर. एल. म्हणजे रिड्यूस्ड लेव्हल, डेटमपासूनची उंची) एवढ्याने भागत नाही. ‘५६२.३५० मी., सरासरी समुद्रसपाटीपासून’ असे लिहा. साइटवर एखादी खूण १००.००० मी. धरून काम सुरू केले असेल, तर ‘गृहीत डेटम’ ही नोंद प्रत्येक ड्रॉइंगवर हवी. मुंबईत महापालिकेच्या कामांत ‘टाउन हॉल डेटम’ चालतो आणि त्याचे आकडे समुद्रसपाटीच्या आकड्यांशी जुळत नाहीत. तिथे तर ही नोंद अनिवार्यच समजा.

२. बेंचमार्क कोणत्या डेटमवरचा, ते विचारा. जुन्या शिळांवर ‘जी.टी.एस. बी.एम.’ अशी इंग्रजी अक्षरे कोरलेली दिसतात. त्यांच्या उंच्या १९०९ च्या भारतीय डेटमवरच्या आहेत. कराची, मुंबई, कारवारपासून मद्रास, विशाखापट्टणमपर्यंत नऊ ठिकाणी भरती-ओहोटीची निरीक्षणे घेऊन तो डेटम ठरवला होता. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाने २००९ चा नवा डेटम निश्चित केला. म्हणून उंचीच्या नोंदीसोबत डेटमचे सालही उतरवून घ्या.

३. टीबीएम पक्क्या जागी घ्या. टीबीएम म्हणजे तात्पुरता बेंचमार्क; तो काम संपेपर्यंत हलता कामा नये. जुन्या मोरीचा कठडा, पक्क्या इमारतीची पायरी, उघडा खडक या चांगल्या जागा. दोन-तीन टीबीएम घ्या, म्हणजे एक उखडला तरी काम अडणार नाही. प्रत्येकाचे वर्णन लेव्हल बुकात लिहा आणि सोबत फोटो ठेवा.

४. बेंचमार्कपासून निघा, बेंचमार्कवरच थांबा. समजा, बेंचमार्क ५६२.३५० मी. आहे आणि त्यावरचे बॅकसाइट १.४२५ आले. मग यंत्राची दृष्टिरेषा ५६३.७७५ वर आहे. जोत्याच्या खुणेवर फोरसाइट ०.८७५ आले, तर ती खूण ५६२.९०० मी. वर. आता तिथून परत बेंचमार्कवर या. आकडा ५६२.३५० च्या आसपास, ठरलेल्या मर्यादेत आला, तरच दिवसाचे काम खरे धरा.

५. दोन डेटममधला फरक चिन्हासह लिहा. ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग इथे जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांना जोडणारा पूल बांधला गेला. जर्मन उंच्या ॲमस्टरडॅमच्या पातळीवरून, तर स्विस उंच्या मार्सेयच्या समुद्रावरून मोजलेल्या. दोहोंत २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे अभियंत्यांना ठाऊक होते. पण दुरुस्ती करताना अधिक-उणे उलटे झाले आणि फरक मिटण्याऐवजी ५४ सेंटिमीटर झाला. २००३ मध्ये हे ध्यानात आले आणि एका बाजूचे बांधकाम बदलावे लागले. नुसते ‘फरक २७ सेंमी’ लिहू नका. कोणत्या आकड्यात किती मिळवायचे किंवा वजा करायचे, ते पूर्ण वाक्यात लिहा.

काय टाळावे

१. दगड हलला नाही म्हणून त्याची उंचीही कायम, असे धरू नका. जिनिव्हाच्या सरोवरात ‘पिएर द्यु निताँ’ नावाचा प्रचंड खडक आहे. स्वित्झर्लंडच्या सगळ्या उंच्या त्याच्याशी जोडलेल्या आहेत. त्याची उंची पूर्वी ३७६.८६ मी. मानत, १९०२ पासून ३७३.६० मी. मानू लागले. खडक जागचा हलला नव्हता. समुद्रापासूनची त्याची उंची नव्याने ठरली, म्हणजे शून्य बदलले.

२. वेगवेगळ्या पूरमापक पट्ट्यांचे फूट एकमेकांशी ताडून पाहू नका. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही कृष्णेची धोका पातळी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ४३ फूट. प्रत्येक पट्टीचे शून्य त्या त्या जागेचे आहे. दोन फुटांच्या फरकावरून कोणते शहर उंचावर, हे कळत नाही. अलमट्टी धरणाची ५१९.६० मी. ही पूर्ण साठ्याची पातळी मात्र समुद्रसपाटीपासूनची. तिच्याशी सांगलीचे फूट ताडायचे, तर आधी पट्टीच्या शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मिळवावी लागते.

३. भरतीचा आकडा जमिनीच्या उंचीशी जोडू नका. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत ४.४८ मीटरची भरती होती. हा आकडा नौकानयनाच्या नकाशांच्या डेटमवरून, म्हणजे ओहोटीच्या खालच्या पातळीवरून मोजतात. अपोलो बंदरला समुद्राची सरासरी पातळी त्या डेटमच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे त्या दिवशीची भरती सरासरी समुद्रसपाटीच्या सुमारे दोन मीटर वर होती.

४. जीपीएसची कच्ची उंची आर. एल. म्हणून लिहू नका. उपग्रहावरून मिळणारी मूळ उंची पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते. मुंबईत समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठाहून अधिक मीटर खाली आहे. म्हणून किनाऱ्यावर ही उंची उणे येते. यंत्र बिघडलेले नसते. त्याचे शून्य वेगळे असते. जिऑइडची (लंबगोल आणि समुद्रसपाटी यांतल्या फरकाची) दुरुस्ती लावा आणि जवळच्या बेंचमार्कवर पडताळा घ्या.

५. झाड, कुंपणाचा खांब किंवा बांधकाम चालू असलेली भिंत यांवर टीबीएम मारू नका. झाड वाढते, खांब कलतो, नवी भिंत खचते.

६. गृहीत डेटमवरच्या जोत्याची पूररेषेशी तुलना करू नका. पूररेषेची पातळी समुद्रसपाटीपासून दिलेली असेल आणि आपले जोते ‘१००.६००’ असेल, तर घर पाण्याच्या वर की खाली, याचे उत्तर त्या दोन आकड्यांत नाही. जवळच्या सरकारी बेंचमार्कपासून लेव्हल आणा, जोते त्याच डेटमवर बसवा आणि मगच पाया खोदायला घ्या. त्या घरात माणसे राहणार आहेत. लेव्हलिंगच्या एका दिवसाची काटकसर त्यांच्या जिवावर करू नये.