लेखणीसाठी कारावास : त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा

पेडणे वा डिचोली महालातील एखाद्या जुन्या घरात पोर्तुगीज अमदानीतील लग्नपत्रिका सापडली, तर विद्यार्थ्यांनी ती अवश्य जपून ठेवावी. सालाझारच्या हुकूमशाहीत गोमंतकात लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या संमतीवाचून छापता येत नसे. जेथे मंगलकार्याच्या आमंत्रणाचीही तपासणी होई, तेथे सरकारविरुद्ध लिहिणाऱ्याची काय गत होत असेल? हे कळावे म्हणून आम्ही कुन्हा यांचे चरित्र निवडले आहे.

सासष्टीतील चांदर गावी २ एप्रिल १८९१ रोजी त्यांचा जन्म झाला. पाँडिचेरी व पॅरिस येथे शिकून ते विद्युत अभियंते झाले आणि १९२६ साली स्वदेशी परतले. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापिली. १९४४ साली त्यांची एक इंग्रजी पुस्तिका निघाली. परकीय सत्तेने गोमंतकीयांस भाषेत, आचारात व विचारात आपल्याच देशाला पारखे केले, हा तिचा आशय. स्वतः ख्रिस्ती घराण्यात वाढलेल्या आणि युरोपात शिकलेल्या गृहस्थाने हे लिहावे, यात आम्हांस विशेष धैर्य दिसते.

१८ जून १९४६ रोजी मडगावी डॉ. लोहियांनी सभाबंदी मोडली. पुढल्याच महिन्यात कुन्हा यांना अटक झाली. आग्वादच्या किल्ल्यातील काळोख्या, दमट कोठडीत त्यांना डांबण्यात आले. हाती शस्त्र न धरलेल्या या नागरिकाचा खटला चालला तो लष्करी न्यायालयापुढे! शिक्षा झाली आठ वर्षांची, आणि रवानगी पोर्तुगालमधील पेनिश येथील समुद्रकाठच्या किल्ल्यात. त्याच किल्ल्यात सालाझारचे पोर्तुगीज विरोधकही खितपत पडले होते. स्वजनांपासून दूर नेऊन माणसाला मुके करण्याची ही रीत केवळ सालाझारचीच नव्हे. त्याच्या कट्टर शत्रूंच्या, म्हणजे कम्युनिस्टांच्या, रशियात शास्त्रज्ञ साखारोव्ह यांना १९८० ते १९८६ पर्यंत गॉर्की शहरात असेच अडकवून ठेवले होते.

१९५० साली कुन्हा तुरुंगातून सुटले, परंतु पोर्तुगाल सोडण्याची मोकळीक त्यांना नव्हती. अखेर १९५३ साली ते गुप्तपणे पॅरिसला निसटले व तेथून मुंबईस पोहोचले. तेथे 'फ्री गोवा' पत्राद्वारे त्यांनी पुनश्च लेखणी चालविली. याच काळात, १५ ऑगस्ट १९५४ रोजी, आपल्या पेडण्याच्या तेरेखोल किल्ल्यावर आल्फ्रेड आफोन्सो व त्यांच्या सत्याग्रही साथीदारांनी तिरंगा चढविला.

२६ सप्टेंबर १९५८ रोजी मुंबईत कुन्हा यांचे देहावसान झाले. मुक्तीस अद्याप तीन वर्षे होती. पणजीच्या ज्या मैदानात पूर्वी आल्बुकर्कचा पुतळा होता, त्याच आझाद मैदानात १९८६ साली त्यांचे अवशेष आणून ठेवण्यात आले.