तळटीप वाचा, मग आमेन म्हणा

"सिस्टर, तुमच्यात परूशी शिरलाय." भर सभेत मला हे ऐकवलं गेलं, तेव्हा आमच्या मंडळीचे पंच खाली मान घालून बसले होते. आता तेच पंच "आम्हाला पहिल्यापासून शंका होतीच" असं गावभर सांगत फिरतात. म्हणून लिहिते.

हे ऐकवणारे पास्टर बाहेरगावचे. कुठल्या चर्चचे, दीक्षा कुणी दिली, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. आवाज मोठा, कीबोर्डवाला सोबत, एवढ्यावर काम झालं. उपास-प्रार्थनेच्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी दोन इंग्रजी बायबलं उंच धरली. एक किंग जेम्स, दुसरं एनआयव्ही. "मत्तय सतरा बघा! विसाव्या वचनानंतर थेट बाविसावं. मधलं कुणी चोरलं?" चोरलेलं वचन कशाबद्दल, तर प्रार्थना आणि उपासाबद्दल. सैतानाला उपास नकोत, म्हणून त्यानं भाषांतरकारांना हाताशी धरलं म्हणे. बायकांनी आ वासला. त्यातल्या निम्म्या जणींना इंग्रजी येत नाही, दिसले ते फक्त आकडे. मग पुढची पायरी: नवी भाषांतरं सगळी भ्रष्ट, तुमचं मराठीही त्यातलंच, तेव्हा प्रभू मला जे प्रकट करतो ते ऐका. त्यापुढची पायरी पाकिटांची. "विश्वासाचं बीज" पेरायचं. माझ्या नणंदेनं हातातली पाटली काढून पाकिटात घातली.

गाणं चालू असताना मी पुढे गेले आणि ते एनआयव्ही उचललं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप होती: काही हस्तलिखितांत इथे मार्क 9:29 सारखे शब्द आढळतात. वर धरून दाखवताना त्यांचा अंगठा नेमका त्याच ओळीवर होता! मी मार्क उघडला. प्रार्थनेचं वाक्य तिथे जागच्या जागी, आणि 'उपास' हा शब्द काही हस्तलिखितांत असल्याचं तिथेही खाली छापलेलं. चोर कधी पावती ठेवून जातो का? हेच मी विचारलं, आणि परूशी ठरले. वर "मूळ हिब्रूत बघा" असा सल्ला. अहो, मत्तयाची जुनी हस्तलिखितं ग्रीकमध्ये आहेत!

आकडा का गळतो, हे समजून घ्या, म्हणजे असल्यांचं फावणार नाही. नव्या कराराला आज आहेत ते वचनांचे आकडे रोबेर एस्त्येन या छपाईवाल्यानं 1551 मध्ये घातले. त्याच्यासमोरच्या मजकुरात ती ओळ होती, म्हणून तिला 21 आकडा मिळाला. पुढे चौथ्या शतकातल्या सिनाईटिकससारख्या प्रती अभ्यासकांच्या हाती आल्या, त्यांत मत्तयात ती ओळ नाही. मार्कातली ओळ नकलनविसांकडून मत्तयात आली असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आकडा तर मागे घेता येत नाही, म्हणून जागा रिकामी आणि खाली टीप. लपवाछपवी कुठे आहे यात?

आणि किंग जेम्सच तेवढं शुद्ध म्हणणाऱ्यांनी 1611 ची पहिली आवृत्ती बघावी. तिच्यात अपॉक्रिफाची पुस्तकं होती, समासात पर्यायी अर्थ होते आणि अनेक भाषांतरं असणं फायद्याचंच, असं खुद्द भाषांतरकारांनी प्रस्तावनेत लिहिलं होतं. तिच्यामागची ग्रीक परंपरा ज्या इरॅस्मसपासून सुरू होते, त्याच्याकडच्या प्रकटीकरणाच्या ग्रीक प्रतीत शेवटची वचनं नव्हती. ती त्यानं लॅटिनवरून उलटी ग्रीकमध्ये आणली. म्हणून ते भाषांतर टाकाऊ ठरत नाही. पण आमचं मराठी भ्रष्ट म्हणायचा अधिकारही कुणाला मिळत नाही. केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणत होत्या. 1922 मध्ये त्या गेल्या, 1924 मध्ये ते प्रसिद्ध झालं. जुळणी-छपाई त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केली. आणि हे गृहस्थ आम्हाला सांगणार!

तर, कुणी "वचन गाळलंय" म्हणालं की ते पान स्वतःच्या हातात घ्या, तळटीप वाचा, प्रस्तावना वाचा. दोन भाषांतरं शेजारी ठेवा. वक्त्याला त्याच्या मंडळीचं पत्र मागा आणि अर्पणाचा हिशेब कोण ठेवतो ते विचारा. "अभिषिक्ताविरुद्ध बोलू नका" असं उत्तर आलं, तर पाकीट पर्समध्येच राहू द्या. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात पडताळून पाहिलं, आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत त्यांचं कौतुकच आहे. प्रार्थना करा, वडीलधाऱ्यांशी बोला, हे तर आहेच. आमच्या वडीलधाऱ्यांशी बोलून काय उपयोग झाला, ते वर लिहिलंय.

नणंदेनं पाटली परत मागितली, तेव्हा "पेरलेलं बीज उकरत नाहीत" असं उत्तर मिळालं. आता पास्टर फोनही उचलत नाहीत. आणि नाताळानंतरच्या सभांसाठी पंचांनी आणखी एका बाहेरच्या वक्त्याला बोलावलंय. त्यांच्या मंडळीचं पत्र आलंय का, असं मी विचारलं. "बघू," म्हणाले.